खुंटीवरची माळ

सोमवार, ३ फेब्रुवारी

आशाताई धम्मशीला पुन्हा दारात. बाईचे पाय दुखत न्हाईत का? पुढच्या बुधवारी बाजारात लिव्हरचं शिबिर हाय म्हणली. "अंबामावशी, अर्ध्या गावानं तुमच्या हातची काविळीची माळ घातलीय. तुमीच सांगा, डोळे पिवळे झाले की दवाखाना गाठा म्हणून."

"माझं तोंड लय खराब हाय."

"म्हणून तर लोक ऐकतील!"

चहा पाजून हाकलली.

मंगळवार, ४

मुंजाजीला जाऊन दोन वर्षं झाली. माझा एकुलता लेक. डोळे पिवळे झाले तवा माळ मीच घातली — डोक्यावर, टोपीसारखी. माळ वाढत खाली उतरती तशी कावीळ उतरती, असं सासूनं शिकवलेलं. सात दिवसांत बेंबीला आली. मी म्हणलं, झालास बरा! तो म्हणायचा, "माय, पोट लय जड लागायलंय." मी म्हणलं, ताक पी अन् पड. पोटात पाणी झालं होतं. परभणीला नेलं तवा डॉक्टर म्हणले, लय उशीर केलात.

सांजला शेळ्या परतताना त्याची शिट्टी यायची. तशी कुणालाच जमत न्हाई. त्या वळणावर शेळ्या अजून थांबून बघतात. मी बी.

बुधवार, ५

काड्या बांधून नवी माळ केली. खुंटीला अडकवली. सून दीपिका म्हणली, "कुणासाठी, आत्याबाई?"

खुंटीसाठी!

शनिवार, ८

माळ हातभर लांब झाली. काड्या सुकल्या, गाठी ढिल्या पडल्या — बस, एवढंच. खुंटीला कुठली कावीळ?

चाळीस वर्षं माळा घातल्या मी.

रविवार, ९

बन्सीधर आला. डोळे हळदीवानी. "मावशी, माळ द्या." म्हणलं, माळ बंद. परभणीची गाडी धर. "माझा बाप तुमच्याच माळेनं बरा झाला!" आपसूक झाला असंल, म्हणलं. माझा लेक न्हाई झाला. पाय आपटीत गेला. बायकोनं मात्र गाडीत कोंबला. शहाणी हाय.

बुधवार, १२

शिबिरातली डॉक्टरीण म्हणली, मुंजाजीची कावीळ रक्तात वर्षानुवर्षं दडून बसणारी होती. घरातल्या सगळ्यांनी रक्त द्या. नात सृष्टी सुई बघूनच पळायली. चेहरा सगळा बापाचा. तिला बी तेच निघालं तर? मी हात पुढं केला — बघ, आजी देती आधी! मला काय व्हायचंय?

मग धम्मशीलानं माइक पुढं केला. माळ पिशवीत होती. मी माइक तसाच परत सारला. मुंजाजीचं नाव घ्यावं लागलं असतं.

सोमवार, १७

आज शेळ्या उशिरा आल्या. सृष्टीनं शिट्टी मारून बघितली. नुसती हवा! तरी मी दारापर्यंत गेले. येडी.

मंगळवार, १८

कागद आले. सृष्टीला काही न्हाई. दीपिकाला न्हाई. मला हाय.

डॉक्टरीण म्हणली, ही आईकडून लेकराला बाळंतपणातच जाती. आता जन्मल्याबरोबर लस देतात. तवा मला कुणी सांगितलं न्हाई, मी कुणाला इचारलं न्हाई. माळ तर मागून आली. दुखणं मी त्याला आधीच दिलेलं.

धम्मशीलाला निरोप धाडला — उद्या बाजारात माइक आण. पोटुशा बायांना पुढं बसव. मुंजाजीचं नाव मी घेते.