कोऱ्या कागदावरची सही

टी. नगर, चेन्नई
१२ जुलै २०२५

राणोजी,

घरी सारे कुशल असतील. आशीर्वाद लिहीत नाही, हात धजत नाही.

सकाळपासून साताऱ्याच्या शाळेतला एक आवाज कानात घुमतोय. कविता शिकवताना गुरुजी अंगठीने टेबलावर ताल धरत. टक, टक-टक. इथे तुम्हा तंजावरी मुलांना दर रविवारी मराठी शिकवायचो, तेव्हा मीही तसाच ताल धरायचो. करुण कविता म्हणावी तर तूच. माझे डोळे भरून यायचे.

परवा वकिलांच्या शिस्तपालन समितीपुढे त्याच गोड गळ्याने तू म्हणालास, "सर, क्लायंटला सगळे पैसे पोचले. ही तिची सही." निर्लज्जा! माझा आशिष ओरगडमच्या कारखान्यात यंत्राखाली गेला. त्याच्या भरपाईचे अकरा लाख तुझ्या खात्यावर आले ते माझ्या सुनेला द्यायला. तू फ्लॅट बुक केलास, आणि वर पावती दाखवतोस?

श्रीरंजनी घरी येऊन म्हणाली, "मामंजी, ती सही माझी नाहीच. पुढच्या गुरुवारी शपथेवर सांगते." मी मान डोलावली. डोलावली, राणोजी!

सही तिचीच आहे. आशिषचं तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी तू कोरा कागद पुढे केलास. मी म्हटलं, हे कशाला? "अय्यो मामा, आपल्या माणसांत काय विचारता?" या शहरात मराठी बोलणारा वकील, तोही माझाच विद्यार्थी, एवढ्यावरच मी हरखलो होतो. तिला कसली शुद्ध! पेन मी तिच्या हातात दिलं, जागा मी दाखवली. तिला आठवतही नाही. पावतीचा मजकूर तू नंतर भरलास. तिने शपथेवर नाकारलं की तू अक्षरतज्ज्ञ आणणार, आणि खोटी ती ठरणार. त्याचीच वाट बघतोयस ना?

समितीला मी सगळं लिहून देणार आहे. जाऊ दे तुझी वकिलीची सनद. पण तिला अजून सांगितलेलं नाही. कालपासून तीनदा स्वयंपाकघरापर्यंत गेलो, पाणी पिऊन परत आलो.

बेल वाजली. तिनेच दार उघडलं. दारात तू.

"तुम्ही? लाज नाही वाटली यायला?"

"वहिनी, एकच कागद. तक्रार मागे घ्या, निम्मे आत्ता देतो. मामा आहेत ना?"

आहे. हे पत्र आता टपालात टाकत नाही. तिला शेजारी बसवून, तुझ्यासमोर, पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचणार आहे.

श्रीरंजनीचा सासरा,
गजेंद्र