तीनशे सेकंदांची ओळ

बाई, तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली. तुमच्या कॉम्प्युटर क्लासमधली मी ती मुलगी, जिचे वडील स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते आणि जी इंग्रजी वाचताना ओठ हलवायची. पहिल्याच महिन्यात मी शेजारणीच्या फाइलमधून सेटिंग जशीच्या तशी उतरवली. प्रोग्राम चालला, मी खूश. तुम्ही माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिलात. "ही ओळ इथे कशाला आहे?" मला सांगता येईना. "मग पूस. नुसतं चालतंय म्हणून काही ठेवायचं नाही." मी रडले. तुम्ही पाहिलंत आणि सरळ पुढच्या मुलीकडे गेलात. दुसऱ्या दिवशी मात्र खाकी कव्हर घातलेली तुमची स्वतःची डिक्शनरी माझ्या टेबलावर ठेवलीत. म्हणालात, "परत आणू नकोस."

त्यानंतर काही वर्षांनी मी भाईंदरला केबिन रोडवर, साड्यांच्या दुकानाच्या वर, चार माणसांच्या ऑफिसात कामाला लागले. मच्छीमारांच्या एका सोसायटीसाठी मी इंटरनेटवर एक पान बनवलं होतं. हवा बिघडली की सुखरूप किनाऱ्याला लागलेल्या बोटी वायरलेसवर कळवायच्या, सोसायटीतला कारकून त्या पानावर बोटीचं नाव आणि बंदर चढवायचा आणि घरची माणसं जवळच्या सायबर कॅफेत जाऊन बघायची. सर्व्हर आम्ही एका तयार लायब्ररीवर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या प्रोग्रामवर, उभा केला होता. एका वेळी किती जोडण्या, म्हणजे पान उघडणारी किती माणसं, आत घ्यायच्या, गप्प बसलेली जोडणी किती वेळ धरून ठेवायची, हे सगळं तिच्या एका फाइलमध्ये लिहायचं. ती फाइल मी जुन्या कामातून उचलली होती. हो बाई, न वाचता.

एका सकाळी वारा सुटला आणि अकराच्या सुमारास पान उघडेनासं झालं. चौक गावची एक मावशी, भाईंदरच्या बाजारात मासळी विकणारी, रिकामं टोपलं घेऊन जिना चढून वर आली. सायबर कॅफेवाल्यानं तिला आमचा पत्ता दिला होता. "माजा घरवाला हाय बोटीवर. सोसायटीचा फोन लागत न्हाय, तुमचं पान उघडत न्हाय. नाव हाय का न्हाय तेवढं सांग, पोरी." मी आतून यादी काढून पाहिली. तिच्या बोटीचं नाव नव्हतं. पण यादी तासाभरापूर्वीच थांबलेली होती, कारण कारकूनही त्याच दारानं आत येत होता आणि त्यालाही जागा मिळत नव्हती.

आमच्या ऑफिसचा मालक गुजराती, स्वभावानं चांगला. "बंद करके चालू कर दे ना." केलं. दोन मिनिटं चाललं, पुन्हा ठप्प. "फिर दूसरी मशीन लगाते हैं, शाम तक आ जाएगी." मावशी माझ्याकडे बघतेय. मी म्हटलं, "सर, शाम तक नहीं. आधा घंटा दो." घाईघाईत मी पहिली चूक केली. जोडण्यांचा आकडा पन्नासवरून थेट हजारावर नेला. मशीनची मेमरी संपली आणि होतं तेही बंद पडलं. तेव्हा मी तो आकडा परत खाली आणला, लायब्ररीच्या माहितीची पानं उघडली आणि फाइलमधल्या एकेका ओळीवर बोट ठेवून विचारू लागले, ही इथे कशाला आहे? चौथ्या ओळीत 'आयडल' शब्द होता. मी त्याचा अर्थ आळशी असाच धरून चालले होते. डिक्शनरी उघडली. रिकामा, बिनकामाचा. समोर आकडा होता तीनशे, सेकंदांत. म्हणजे माणूस पान बघून उठून गेला, तरी त्याची जोडणी पाच मिनिटं जागा अडवून बसत होती. जुन्या कामात दहाच माणसं होती, तिथे ते खपून गेलं. इथे पन्नास रिकाम्या जोडण्या बसून होत्या आणि कारकून बाहेर.

मी तीनशेचे पाच केले. जोडण्या पन्नासच्या शंभर केल्या, मशीनला झेपतील तेवढ्याच. प्रत्येक ओळीपुढे ती का आहे ते मराठीत लिहिलं आणि मगच सर्व्हर चालू केला. पान उघडलं. पुन्हा उघडलं. कारकुनाला आत शिरता आलं आणि यादी हलायला लागली. मावशी स्टुलावर बसून होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून आलेलं प्रत्येक नाव मी मोठ्यानं वाचत गेले. पंधरावं की सोळावं नाव तिच्या बोटीचं होतं. अर्नाळ्याला लागली होती, सगळे सुखरूप. "परत वाच," ती म्हणाली. मी वाचलं. तिनं पदरानं तोंड पुसलं, टोपलं उचललं आणि जिना उतरून गेली. मालकानं विचारलं, "क्या था?" मी सांगितलं, "मेरी गलती थी. बिना पढ़े डाला था." त्यानंतर आजपर्यंत मला कारण सांगता येणार नाही अशी एकही ओळ मी कुठल्या सर्व्हरवर जाऊ दिलेली नाही. आता माझ्या हाताखालच्या मुली मला घाबरतात. घाबरू देत.

मोरवा गावातल्या तुमच्या घरी आता तुमचे भाऊ राहतात. हे पत्र त्यांच्या हातात देता आलं असतं, पण देणार नाही. तुम्ही आजारी असताना मी भेटायला आले नाही, क्लासमधल्या बाकीच्या सगळ्या येऊन गेल्या. पत्ता सापडला नाही असं मी त्यांना सांगितलं. खरं म्हणजे मी तुमच्या दारापर्यंत आले होते. आतून तुम्ही कुणाकडे तरी पाणी मागत होतात आणि तो आवाज तुमचा वाटेना. बाई, मी घाबरले आणि बेल न वाजवताच परत फिरले.