धाबळीतून घाम कळत नाही

॥ श्री ॥
कर्जत, ज्येष्ठ शुद्ध, मंगळवार

ती. गं. भा. बनुवन्सं यांच्या चरणी धाकटी भावजय द्वारकेचा डोकं टेकवून नमस्कार. आम्ही सगळी इकडे बरी आहोत. तुमचे गुडघे काय म्हणतात? एरंडाचं पान बांधायला कळवलं होतं ते बांधलंत, की अजून शेजारणीचंच तेल चोळता आहात? (ते तेल तिचाच जावई विकतो, एवढं ध्यानात असू द्या.) तुमचे बंधू ठीक आहेत. सकाळी पूजेला बसले म्हणजे देवापुढे त्यांचे डोळे मिटतात, पण ते पुढे ओघात येईलच. अक्षर वेडंवाकडं आहे ते चालवून घ्या. माझी शाळा दुसरीच्या पुढे गेली नाही हे तुम्हांला ठाऊक आहे. निलू शेजारी माझ्या खांद्याला टेकून बसली आहे आणि वेलांट्या सुधारते आहे, म्हणून निदान वाचता तरी येईल.

तुमचं कार्ड पोचलं. निलूला इंग्रजी शाळेसाठी नगरला तुमच्याकडे ठेवून घेता म्हणालात, ते वाचून मी कार्ड देवापुढे ठेवलं आणि त्यावर तुमच्या बंधूंनी चुकून अक्षता टाकल्या. वन्सं, पोर म्हणजे सोनं आहे हो. आजी म्हणून म्हणत नाही (आजी म्हणूनच म्हणते, दुसरं कोण म्हणणार, तिची आई तर ही चालायलाही लागली नव्हती तेव्हाच गेली). रंगनाथने तिला घरीच इंग्रजी शिकवलं, आता ती बापाच्या चुका काढते. परवा मला इंग्रजीत काहीतरी म्हणून दाखवलं, त्यात एक मेंढी हरवते. मी रडले. निलू म्हणाली, आजी, ती सापडते शेवटी. तर अशी आहे. उद्याच्या सर्व्हिस मोटारीने रंगनाथ तिला घेऊन निघतो आहे, आणि हे पत्र त्यांच्याबरोबरच देते.

तुम्ही कार्डात खाली बारीक अक्षरात लिहिलंत, की दर महिन्याचे ते दिवस आले म्हणजे निलूने विहिरीपलीकडच्या खोलीत बसायचं, ताट लांबून सरकवण्यात येईल आणि चौथ्या दिवशी न्हाऊनच घरात यायचं. घर तुमचं, रीत तुमची, आणि ती रीत मला तरी कुठे नवी आहे? मी काही म्हणत नाही. माझं आपलं सहज बोलणं चाललं आहे, ते वाचा म्हणजे झालं.

तिचं दुखणं तुम्हांला ऐकून ठाऊक आहे, पाहून नाही. गोड लघवीचा आजार म्हातारपणी होतो असं आपण समजत होतो. लहान मुलीला तो झाला म्हणजे काय होतं ते मी पाहिलं. पोर घागरीने पाणी प्यायची आणि उन्हात टाकलेल्या काकडीच्या सालीसारखी सुकत चालली होती. नगरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या लिडियाबाई नर्सने तिला उचलून नेलं, मी मागे पदर सावरत धावले. तेव्हापासून रोज सुई. ते इन्शुलीन आलं नाही तर पोर राहणार नाही, एवढं मला डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं आणि रंगनाथला मोठ्या आवाजात. लढाईच्या दिवसांत ते मिळेना तेव्हा रंगनाथ पुण्यापर्यंत हिंडला. आता मिळतं. उन्हाने नासू नये म्हणून ती बाटली आम्ही पिण्याच्या माठाखाली ओल्या फडक्यात ठेवतो, स्वयंपाकघरात, सोवळ्याच्या जागी. ते कशापासून करतात हे मी लिडियाबाईंना विचारायला गेले, तर त्या म्हणाल्या, सांगते, पण आधी बसा. मी बसले नाही. तुम्हीही विचारू नका. रंगनाथला माहीत आहे आणि त्याने कपाळाला हात लावला होता.

सुई टोचायला मी लिडियाबाईंकडून शिकले, आधी मोसंब्यावर, मग स्वतःच्या मांडीवर. (त्या ख्रिस्ती, म्हणून शिकून आल्यावर मी आंघोळ करत असे. तिसऱ्या खेपेला त्यांनीच विचारलं, आजी, आज आंघोळीला पाणी आहे ना, कर्जतला टंचाई म्हणतात. मला चोरासारखं झालं. तेव्हापासून नाही करत.) आता निलू स्वतः टोचून घेते, ती अडचण तुम्हांला पडणार नाही. पण रोजची परीक्षा बघायची असते. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, आणि स्पिरीटच्या दिव्यावर उकळायचं. कुठे उकळायचं यावरून आमच्याकडे जे झालं ते न लिहिलेलं बरं. शेवटी न्हाणीमागची जागा ठरली. रंगांना आम्ही लुगड्यांची नावं ठेवली आहेत. नळीचा रंग निळा राहिला तर चंद्रकळा, सगळं छान. हिरवं लुगडं निघालं तर चालेल. हळदीचं निघालं तर ताटाकडे बघा. आणि विटकरी निघालं तर साखर फार चढली. रोज सकाळी तुमचे बंधू देवघरातून ओरडतात, आज कुठलं लुगडं? आणि चंद्रकळा म्हटलं की घंटा जोरात वाजते.

तर तिला गेल्या वर्षी ते महिन्याचं सुरू झालं, आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. महिनाभर चंद्रकळा नेसणारी नळी अचानक विटकरी. खाणं तेच, सुई तीच. मी सगळ्यांवर आळ घेतला. भांडी घासायला येणाऱ्या गोजरबाईंना म्हटलं, तुम्हीच गूळ दिलात. त्या म्हणाल्या, मपल्या नातवाला गूळ न्हाई मिळत बाई, तुमच्या नातीला कुटून देऊ? रेशनची साखर मी ट्रंकेत कुलपात ठेवली. रंगनाथचे खिसे तपासले. तुमच्या बंधूंना नैवेद्याच्या वाटीवरून बोलले, तर ते दिवसभर जेवले नाहीत (दुपारी चिवडा खाल्ला, तो जेवणात धरत नाहीत). आणि विटकरी नळीचे दिवस सरले की निलूला कावळा शिवायचा. असं पुन्हा झालं, आणखी पुन्हा झालं, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की नळीला आमच्या आधी कळतं.

मग मी शहाणी झाले, म्हणजे अर्धी. विटकरी दिसलं की डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं औषध थोडं वाढवायचं. वाढवलं. त्या महिन्यात निलू सकाळी तेच वाढीव टोचून घेऊन बसली आणि थोड्या वेळाने बाहेरची झाली. मागल्या पडवीत घोंगडीवर जाऊन बसली. आता तिच्याकडे लक्ष तर ठेवायला हवं, आणि शिवायचं तर नाही. तुमच्या बंधूंनी तोड काढली. लोकरीला विटाळ नाही, तेव्हा सोवळ्यात नेसतेस ती लोकरीची धाबळी हाताला गुंडाळ आणि खुशाल हात लाव. मला ते फार पटलं. ऐन उन्हाळ्यात मी धाबळीत, हातालाही तिचाच पदर गुंडाळलेला, आणि घडोघडी पडवीत जाऊन पोरीचं कपाळ चाचपून येत होते. लिडियाबाईंनी सांगून ठेवलं होतं, गार घाम सुटला की साखर उतरली समजायचं, लगेच गोड द्यायचं. मी हात लावला. गार नव्हतं, ओलंही नव्हतं. अहो, लोकर ती. तिने घाम पिऊन टाकला, आणि ऊब लागली ती माझीच. मी आत येऊन सांगितलं, पोर छान आहे.

इतक्यात तुमचे बंधू पूजा आटपून पडवीवरून चालले होते, आणि निलू मोठ्याने म्हणाली, आजोबा, तुम्ही देवापुढे घोरता, देव बिचारे जागे राहतात. वन्सं, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण आजवर कोणी बोललं नव्हतं. रंगनाथ हसू दाबायला अंगणात गेला. तुमचे बंधू लाल झाले आणि म्हणाले, माफी माग. ती हसतच राहिली. मग काहीतरी भलतंच बोलू लागली, मेंढीचं. मी धाबळीतून पुन्हा कपाळ चाचपलं आणि म्हटलं, काही झालेलं नाही, लाडावली आहे. परसात भांडी घासत होत्या त्या गोजरबाई राखेच्या हातांनी उठल्या आणि ओरडल्या, आवो माय, पोरगी घामानं निथळतीया, लुगडं भिजलं तिचं, आन् तुमी तिला माफी मागाया लावताय व्हय?

मी धावत जाऊन साखर आणली. आणि अजूनही, वन्सं, अजूनही मी ती वरून टाकली. बाहेरचीला द्यायची तशी, उंचावरून, तिच्या ओंजळीत. पण ओंजळ धरायला हात शुद्धीवर नको? बोटं उघडीच राहिली आणि साखर घोंगडीवर सांडली. रेशनची साखर, आणि मुंग्या आधी पोचल्या. निलू भिंतीवरून कलंडू लागली. तिचे डोळे माझ्याकडे होते आणि मला ओळखत नव्हते. मग मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. गोजरबाई सांगतात, की मी धाबळी अशी भिरकावली की ती तुळशीवर जाऊन पडली, आणि आतल्या लुगड्यावर पोरीला मांडीत घेऊन तिच्या गालाच्या आत बोटाने साखर चोळत बसले. तिचं कपाळ माझ्या हाताला लागलं ते विहिरीतून काढलेल्या कळशीसारखं. एवढं गार, आणि मी तासभर त्याच्यावर लोकर फिरवत होते.

थोड्या वेळाने तिने चोखायला सुरुवात केली. मग गिळलं. मग डोळे माझ्यावर थांबले, आणि पहिले शब्द काय, तर, आजी, तू मला शिवलीस. तेही घाबरून, जशी काही तिचीच चूक. मी वर पाहिलं, तर तुमचे बंधू दुधाचा पेला घेऊन उभे होते. सोवळ्यातच. पेला खाली ठेवून सरकवायचा असतो हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ते वाकले आणि तिच्या हातात दिला, तिची बोटं पेल्याभोवती आपल्या बोटांनी मिटवली, आणि म्हणाले, घोरतो, हे खरं आहे. नंतर आम्ही दोघांनी आंघोळी केल्या. पण आधी दूध संपलेलं पाहिलं.

लिडियाबाईंनी पुढच्या खेपेला समजावलं, की ते दिवस यायच्या आधी औषधाची गरज चढते आणि आले की एकदम उतरते, प्रत्येकीचं निराळं, तेव्हा नळीचा रंग बघा, त्या दिवसांत तिला एकटी ठेवू नका आणि शंका आली तर डॉक्टरांना विचारा. आता निलू स्वतःच रंग बघून कमी-जास्त ठरवते. हुशार आहे. पण वन्सं, साखर उतरली की सगळ्यांत आधी हुशारीच जाते, आणि आपल्याला काही होतंय हे तिचं तिलाच कळत नाही. म्हणून मला झोप नाही. मोटार लागते का, शाळेत कोणी हसतं का, सुईला पाणी नीट उकळतं का, ही काळजी आहेच, पण ती सगळी मिळून एका बाजूला. असो. तुमच्या घरी ती सुखात राहील याची मला खात्री आहे. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि गुडघ्यांना एरंडाचं पान.

तुमची भावजय,
द्वारका

ता. क. कैरीचं लोणचं वेगळ्या बरणीत पाठवलं आहे. त्यात गूळ नाही. निलूला चालतं, शेजारणीच्या जावयाला देऊ नका.

ता. क. दुसरा. वर मी काही म्हणत नाही असं म्हटलं, ते खोटं. विहिरीपलीकडची खोली नको. तिथे तिने हाक मारली तर ऐकू येणार नाही, आणि हाक मारायची शुद्ध राहिली नाही तर हाकच येणार नाही. त्या दिवसांत तिला तुमच्या नजरेसमोर ठेवा, आणि तिला शिवा. एवढंच मागते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तुमच्याकडे दुसरं काही मागितलं नाही (पैठणी तुम्ही आपणहून दिलीत).

ता. क. तिसरा. हे पत्र रंगनाथने नाही, निलूने तुमच्या हातात दिलं असेल. आधी तिने पायांना हात लावून नमस्कार केला असेल, आणि तुमचा स्वभाव मला माहीत आहे, तुम्ही तिला पोटाशी धरलं असेल. ती कालपासून बाहेरची आहे. तिला रागावू नका, ती नको नको म्हणत होती. कट माझा आहे. तुमच्या बंधूंना विचारलं, तर त्यांनी पंचांग मिटलं आणि म्हणाले, मोटारीत कोण विचारतं. तेव्हा विटाळ व्हायचा तो झाला आहे, वन्सं. आंघोळीचं पाणी सावकाश तापू द्या. प्रवासात तिचं खाणं वेळेवर झालं नसेल. आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहा. उघडा हात.