तिला बरं नाही

प्रिय ॲन्सेल्म,

काल मिस्सानंतर माणिकपूरच्या चर्चबाहेर तू ज्या बाईला थांबवलंस, ती मीच होते.

तू इतक्या वर्षांनी कॅनडाहून येणार, मला भेटणार, या विचाराने मी आठवडाभर दिवस मोजत होते. मी नवी साडीसुद्धा घेतली. पण तू फोटो मागितलास, तेव्हा मी आजारपणाआधीचा पाठवला. केमोनंतर विरळ झालेले केस आणि ओढलेला चेहरा तुला दाखवायची मला लाज वाटली. म्हणून काल तू त्या फोटोतल्या बेटीला शोधत राहिलास आणि मी तुझ्यासमोरून गेले तरी तुला कळलं नाही.

शेवटी तू मलाच विचारलंस, "बाई, तुम्ही बेटी तुस्कानोला ओळखता का?"

"ओळखते ना," मी म्हणाले. "पण ती आज येणार नाही. तिला बरं नाही."

तू माझ्याकडे बघतच राहिलास. मग काठी सावरत हळूच म्हणालास, "तिला सांगा, तिचा आवाज अजून तसाच आहे. आणि मी तरी कुठे पूर्वीसारखा राहिलोय?"

तू क्षणभर थांबलास. मी मान वर केली नाही. मग तू रिक्षात बसलास.

तू मला ओळखून सांभाळून घेतलंस आणि मी तुला एकटं परत जाऊ दिलं. आता चेहऱ्याची नाही, याची लाज वाटते. हे तुला पाठवायचंही धाडस माझ्यात नाही.

समोर उभी राहूनही न भेटलेली,
बेटी