पुन्हा एकदा विचारून या

बाई, सोमवारी दिल्लीचे लोक येणार आहेत. आपल्या कामाला सरकारचा निधी आणखी तीन वर्षं द्यायचा की इथेच आटोपतं घ्यायचं, हे ते ठरवणार. असे लोक आले की ऑफिसात काय धांदल असते ते तुम्हाला सांगायला नको. खुर्च्या पुसा, भिंतीवरचे तक्ते बदला, कानतुटके कप लपवा. आज शुक्रवार. मी घरी आले, हातपाय धुतले आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, म्हणजे पत्त्याचा प्रश्नच नाही. पण एका लेकराबद्दल मला कोणाशी तरी बोलायचं आहे, आणि इथे ज्यांच्याशी बोलावं ते सगळे याच कामावर जगणारे. मीसुद्धा.

काम तुम्ही शिकवलं तेच आहे. फक्त कागदाच्या जागी टॅब आला आणि माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला. आरमोरीहून आत, जंगलातल्या गावांमध्ये आमच्या एकेक कार्यकर्ती आहेत, त्या त्या गावातल्याच. बाई बाळंत झाली की त्या घरी जातात, लेकराला झोळीत घालून वजन करतात, ऊब देतात, श्वास मोजतात. अशा घरी जाण्याने महिन्याच्या आतली लेकरं वाचतात का, हे सरकारला बघायचं आहे. वाचली तर हे काम सगळीकडे करता येईल, नाही वाचली तर निधी दुसरीकडे. आणि तो एक प्रश्नही अजून तोच आहे. जन्मलं तेव्हा रडलं का? रडलं असेल तर ते जिवंत जन्मलं आणि मग मेलं, त्याचं मरण आमच्या कामाच्या माथी. रडलं नसेल, श्वासच घेतला नसेल, तर ते मेलेलंच जन्मलं. ते वेगळ्या रकान्यात जातं, आणि त्या रकान्याकडे या कामात फारसं कोणी बघत नाही.

त्या प्रश्नावरूनच तुम्ही मला पहिल्यांदा झापलं होतं. मी एकोणीस वर्षांची, आरोग्य उपकेंद्रातल्या त्या पहिल्या अभ्यासात तुमच्या हाताखाली नुकती लागलेली, नवी पिशवी खांद्याला आणि शहाणपण अंगात मावत नव्हतं. एका घराला कुलूप दिसलं म्हणून मी शेजारणीला विचारून, झाडाखाली बसून फॉर्म भरून टाकला. तुम्ही तो ओट्यावर उभ्या उभ्या वाचलात. 'काऊन वो, हे तुले कोनं सांगतलं?' शेजारच्या बाईने, मी म्हटलं. 'शेजारचीनं पैदा केलं का लेकरू?' हे चार बायांसमोर. 'जा, पुन्हा इचारून ये. तिलेच.' बाई, दोन कोस आहे, मी म्हटलं. 'मंग आत्ताच निंघ.' वाटेने मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय बोलले ते आता सांगत नाही. आणि मग ती भाताची बांधी. गुडघाभर चिखलात दहा-बारा बाया वाकलेल्या आहेत, रोवणी चालू आहे. मी धुऱ्यावरूनच ओरडून विचारते, अगदी निर्लज्जासारखी, रडलं होतं का वो? सगळ्या बाया थांबतात. जिचं लेकरू गेलं ती थांबत नाही, तिचे हात पऱ्हे लावत राहतात. मग खालीच बघत म्हणते, 'रडलं ना. दोनदा रडलं.' आणि थोड्या वेळाने, 'मले कोनी इचारलंच नाई.' मग ती बाहेर येते, हात धुते, आणि मी काही न विचारताच ती अर्धा तास बोलत बसते. कपाळ कसं होतं, केस किती होते, कोणावर गेलं होतं. त्यातलं मी काहीच लिहून घेतलं नाही, फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती. परत आले तेव्हा तुम्ही 'जेवली का?' एवढंच विचारलंत.

शेवटची भेट ऊर्जानगरला, तुमच्या मुलाच्या क्वार्टरमध्ये. वीजकेंद्राच्या राखेच्या भीतीने स्वयंपाकघराची खिडकी बंदच, तरी तुम्ही ओट्यावरून सारखं फडकं फिरवत होतात. पाय सुजलेले, साखर वाढलेली, आणि माझ्यासाठी पाटवडीचा रस्सा करायचा हट्ट. तुम्ही मला एक गठ्ठा दिलात. नोकरीतल्या सुती साड्या फाडून केलेले चौकोनी तुकडे, उकळून वाळवलेले. 'धुऊन धुऊन मऊ झाल्या. लेकरू पुसाले लय चांगल्या. मी मेल्यावर पोछ्याले जातीन, त्यापेक्षा तू ने.' मी हसले आणि फुशारकीने सांगितलं की आपल्या गावांमध्ये मरणं कमी होऊन राहिली आहेत. तुमचं लाटणं थांबलं. 'खरंच कमी झाली का?' म्हणजे काय बाई, मी म्हटलं. 'कमी झालं का साऱ्यायले आवडते. वरच्यायले बी, खालच्यायले बी. मंग ते कमीच होत जाते, बाप्पा.' मला राग आला होता. वाटलं, रिटायर झालेल्यांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात आणि भांडायचं राहूनच गेलं.

आता ऐका त्या लेकराचं. त्याची आई विशीतली, पहिलटकरीण. गाव सडकेपासून बरंच आत. माघात सकाळी सकाळी कळा सुरू झाल्या आणि गाडी पोचायच्या आत ती मोकळी झाली. आमची कार्यकर्ती हजर होती, शिकवलं तसं सगळं तिने केलं. दिवस भरले नव्हते, लेकरू एवढंसं. चुलीवरचा भात शिजेपर्यंत होतं, मग गेलं. कार्यकर्तीने गावाबाहेरच्या टेकाडावर चढून मला फोन केला. रडत होती. 'ताई, मी सोता आयकलं त्याले रडताना. छातीशी लावलं त मूठ बी आवळली त्यानं.' आठव्या दिवशी मी त्या घरी गेले आणि आईला विचारलं, रडलं होतं का? 'रडलं ना ताई. मांजरीच्या पिल्लावानी.' क्षणभरही थांबली नाही ती. मी 'हो' लिहिलं.

आमचे सर तरुण आहेत, नागपूरचे. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. गेल्या हिवाळ्यात एका बारक्या लेकराला शर्टाच्या आत छातीशी धरून त्यांनी जीपमधून गडचिरोलीला नेलं, ते लेकरू आता रांगतं. पण या वर्षी आमची मरणं कमी झाली नाहीत. का झाली नाहीत ते कोणालाच कळत नाही. मार्च लागला तसं सरांचं जेवणावरचं लक्ष उडालं, डबा तसाच परत जायचा. एक दिवस त्यांनी मला बोलावलं. 'ताई, ही एक केस जरा पुन्हा विचारून या. इतकं लहान बाळ रडलं असेल? फक्त खात्री करा.' खोटं लिहा असं ते कधीही म्हणाले नाहीत. मला तर बरंच वाटलं, म्हटलं चला, कोणीतरी फॉर्म वाचतं.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मी विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग सासूकडे. 'रडलं असं वाटते.' म्हणजे नक्की का, मी म्हटलं. सासू मध्येच बोलली, 'एवढुसं होतं, त्याले कुठला आवाज?' पोरगी फुलं पुन्हा पुन्हा त्याच जागी पसरू लागली. मी सरांना सांगितलं, आई ठाम नाही. सरांचा चेहरा एकदम उजळला आणि लगेच त्यांनाच त्याची लाज वाटली. मी दोन्ही पाहिलं. 'मग अजून एकदा,' ते भिंतीकडे बघत म्हणाले.

आपल्या बाया तुम्हाला माहीतच आहेत. पाहुणा म्हणाला की भाजीत मीठ कमी आहे, तर न चाखता म्हणतील, हो, कमीच पडलं. सरकारी माणूस एकच गोष्ट तीनदा विचारायला येतो म्हणजे आधीचं उत्तर त्याला पटलेलं नाही, एवढं त्यांना बरोबर कळतं, आणि घरी आलेल्याला नाराज करून कोण पाठवतं? तिसऱ्या वेळेपर्यंत त्या वाटेवर मोह वेचणाऱ्या एका बाईला वाघाने नेलं होतं. मी दोन माणसं सोबत घेतली, आम्ही काठ्या आपटत, मोठ्याने बोलत गेलो. जंगल इतकं गप्प मी कधी बघितलं नव्हतं. ती पोरगी मला लांबूनच बघून उभी राहिली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, 'नसंल रडलं ताई. माझंच ध्यान नसंल. तुमी लिहा काय लिहायचं ते.' आणि आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली. मी ते प्यायले. तुम्ही मला परत जाऊन विचारायला शिकवलंत, बाई, पण तिसऱ्यांदा विचारलं की काय होतं ते शिकवायचं राहिलं तुमचं. यात थोडी चूक तुमचीही आहे. राग आला तर येऊ द्या.

कार्यकर्तीला मी काही विचारलं नाही. काम बंद झालं तर तिची पिशवी आणि काटा परत जमा होणार, आणि त्या गावात तिच्याशिवाय लेकराकडे बघायला कोणी नाही. पुढच्या महिन्यात तिथे दोघी बाळंत होतील. मी स्वतःची समजूत अशीच घातली, की गेलेल्याचा एक रकाना बदलायचा तो येणाऱ्यांसाठी. बुधवारी 'हो' होतं तिथे मी 'नाही' केलं. टॅबने विचारलं, नक्की पाठवायचं? मी पाठवलं. आणि मी एकटीच नसेन. बाकीच्या सुपरवायझर बायासुद्धा गेले पंधरा दिवस कुठल्या कुठल्या घरी पुन्हा विचारायला फिरून राहिल्या आहेत. जेवताना आम्ही एकमेकींना लोणचं देतो, भाज्या देतो, आणि कोणी कोणाला विचारत नाही की आज कुठे गेली होतीस. तक्त्यावरची रेघ मात्र खाली आली आहे. आज नवा तक्ता भिंतीला लावला तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दिल्लीचे लोक तो बघतील, जेवतील आणि जातील. गावात कोणी जाणार नाही, वाघाचं कारण आधीच कळवलं आहे.

काल दुपारी ती पोरगी माझ्या घरी आली. सासूबरोबर मोहफुलं विकायला बाजारात आली होती, सासूला तिथे बसवून, विचारत विचारत माझं घर शोधलं. खुर्चीवर बसेना, उंबऱ्याशीच टेकली. मी चहा केला. कप दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, 'ताई, तुमी शिकल्या-सवरल्या. इतक्यांदा आल्या त तुमाले काही ना काही मालूम असंल. मले कोनी सांगत नाई. माझं लेकरू रडलं होतं का नाई?'

मला माहीत होतं. कार्यकर्तीचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मी म्हटलं, 'नाही गं. नव्हतं रडलं.' आणि वरून आणखी म्हटलं, 'त्याला काही कळलंसुद्धा नसेल.' तिने चहा संपवला. मला वाटलं, सुटली बिचारी. मग तिने वर बघितलं. 'मंग मले रोज आयकू येते ते कोनाचं?' तिने उठून कप विसळला, पालथा घातला, पदर डोक्यावर घेतला आणि उन्हात निघून गेली.

फॉर्म आदल्या दिवशीच गेला होता, बाई. तिला खरं सांगितलं असतं तर दिल्लीला कळणार नव्हतं, निधी अडणार नव्हता, कोणाचं काहीसुद्धा बिघडणार नव्हतं. फक्त तिच्याकडे बघून 'हो, रडलं' म्हणायचं होतं. तेवढं माझ्याने झालं नाही.