भिंगरीचा बाक

रविवार, ७ जुलै

आज पुन्हा एक बाई माझ्या गळ्यात पडून रडली. थिएटरच्या पायऱ्यांवर, सगळ्यांदेखत. "तुमची लेक प्रभूजवळ सुखात आहे हो," म्हणाली. मी "आभारी आहे" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मागे रांग होती — प्रत्येकीला मला भेटायचं होतं.

माझी लेक प्रभूजवळ नाही. बसनं दोन तासांवरच्या शहरात चष्म्याच्या दुकानात काम करते. चौतिसावं चालू आहे. गुरुवारी फोनवर बोलली तेव्हा तरी ठणठणीत होती.

सिनेमात ती आठ वर्षांची आहे. दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी. नाव तेच — भिंगरी. बाप गुत्त्यात पडलेला असतो आणि ती तापानं जाते. मग बाप गुडघे टेकतो, दारू सुटते, शेवटी उरलेले दोघं टेबलाशी हात धरून, डोळे मिटून प्रार्थना करतात. आमच्या ह्यांचीच गोष्ट, सुरुवातीला तशी पाटीच येते. ह्यांची दारू खरी. गुडघे टेकले तेही खरं, मी पाहिलंय. मेलं मात्र कोणी नव्हतं.

पहिल्या खेळानंतर मी विचारलं होतं ह्यांना, हे मरणाचं काय म्हणून. "सिनेमावाले घालतातच असं काहीतरी," म्हणाले. "लोकांना रडू यायला नको?"

बुधवार, १० जुलै

साबण, चहापत्ती, ह्यांच्या शर्टाची इस्त्री. धुतलेला शर्ट आता रोज लागतो — खेळ संपला की स्टेजवर साक्ष द्यायला जायचं असतं, प्रभूनं आपल्याला कसं वाचवलं ते सांगायला. सिनेमा आणखी दोन गावांत लागला.

शुक्रवार, १२ जुलै

वितरक घरी आला होता, सिनेमा गावोगाव पाठवणारा. खुर्चीत मावत नव्हता इतका खूश. "काकू, आता ह्याच सिनेमांचे दिवस आहेत. चर्चच्या मंडळ्याच्या मंडळ्या बस करून येतायत. शिवी नाही, चावटपणा नाही. आजीपासून नातवापर्यंत एका रांगेत बसतात. लोकांना स्वच्छ हवंय हो, स्वच्छ."

त्याचं काही खोटं नाही. मलाही असेच सिनेमे आवडायचे. टीव्हीवर एखादं भलतंच दृश्य आलं की मी दूध बघायला म्हणून आत जायची, गॅसवर दूध नसलं तरी. इथे शेवटपर्यंत बसता येतं. लोकांना मी दोष देत नाही. पोराबाळांना घेऊन येतात, रुमाल घेऊन येतात, मनापासून रडतात.

पण स्वच्छ म्हणजे काय, ते मला विचारा. जन्म घर झाडण्यात गेला. काही जणी केर भरतात, काही जणी सतरंजीखाली सारतात. पाहुण्याला दोन्ही घरं सारखीच दिसतात.

आणि माझं काम करणारी ती बाई! नवरा ओकतो तरी हसते. पीठ मळते आणि हात कोरडे. आवाज म्हणून चढत नाही. अख्ख्या सिनेमात तिनं एखादी बशी जरी आपटली असती तरी मी तिला आपली म्हटलं असतं. मी आपटली होती. फुटली होती.

मंगळवार, १६ जुलै

लिहूनच ठेवते. नाहीतर पुढेमागे मलाही सिनेमातलंच आठवायला लागेल.

ह्यांना दारू सोडवायच्या केंद्रात नेलं ते भिंगरीनं. कॉलेजात होती, ते बुडवून. आत घरच्यांना सोडत नसत. मग ती फाटकाबाहेर लोखंडी बाकावर बसून असायची, दिवसच्या दिवस — बाप भिंत चढून पळाला तर धरायला. आणि पळाले की हे एकदा! अनवाणी. तिनं कोपऱ्यावर गाठलं आणि म्हणाली, "बाबा, पळायचंच तर चपला घालून पळा, इथे काचा असतात." हात धरून परत आत घेऊन गेली. त्या दिवशी हे रडले. त्या दिवशी गुडघे टेकले. त्यानंतर थेंब घेतला नाही, हे मी देवासमोर सांगेन.

भिंगरी हे नावही ह्यांनीच ठेवलेलं, पोर एका जागी ठरत नसे म्हणून. त्या बाकावर ठरली.

मग तिचं लग्न. उपासनेत गाणारा मुलगा. घरी हात उचलायचा. ती कपड्यांची पिशवी घेऊन आमच्या दारात आली तोवर हे मोठे झाले होते, साक्ष द्यायला परगावची बोलावणी यायची. उंबऱ्यातूनच म्हणाले, "नवऱ्याकडे परत जा. नाहीतर तू आम्हाला मेलीस." ती गेली, पण नवऱ्याकडे नाही. आम्ही लवकरच गाव बदललं. इथल्या मंडळीत तिला कोणी पाहिलेलंसुद्धा नाही.

बाप सुधारला तो ती होती म्हणून. सिनेमात तिला एकच चांगलं काम दिलंय — मरायचं.

गुरुवार, १८ जुलै

गुरुवारी हे प्रार्थनासभेला गेले की मी भिंगरीला फोन करते. सिनेमात तिचं काय होतं ते मी तिला सांगितलंच नव्हतं. आज तीच म्हणाली, "आई, चष्मा न्यायला एक बाई आल्या होत्या. बाबांच्या सिनेमाचं सांगत होत्या. नंबर वाढलाय की रडून डोळे सुजलेत, तेच मला कळेना."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्यातली मुलगी मरते म्हणे. भिंगरी नावाची. कशानं गं मेले मी?"

"तापानं."

"बरं. तू होतीस ना जवळ?"

"होते. तुझं डोकं मांडीवर होतं."

"चला," म्हणाली, "सिनेमात तरी."

मग दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणाली. त्या वेळी दुकान बंद झालेलं असतं.

रविवार, २१ जुलै

हे काय होऊन बसलं!

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जाहीर केलं. सिनेमा पाहून लोकांनी देणग्या पाठवल्यात, त्यातून चर्चच्या आवारात झाडाखाली एक बाक करायचा. त्यावर पितळी पाटी — 'आमच्या लाडक्या भिंगरीच्या स्मरणार्थ'. पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी अर्पण करायचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऑर्गन वाजवणाऱ्या बाई माझा हात दाबून म्हणाल्या, "तेवढाच टेकायला आधार होईल तुम्हाला." मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मान लववून सगळ्यांचे आभार मानत होते.

घरी आल्यावर म्हटलं, "हे पाप आहे."

"कोणाचं काय बिघडतंय?"

"जिवंत पोरीच्या नावाची पाटी!"

"ती कुठे येतेय वाचायला?" बूट काढले आणि म्हणाले, "अगं, किती घरांतली दारू सुटली ह्या सिनेमानं. ते बघ ना."

ते मी बघतेच. म्हणून तर इतके दिवस तोंड शिवून बसले. लोक पत्ता शोधत घरी येतात, ह्यांच्या पाया पडू बघतात. त्यांतली एखादी बाई अगदी मी होते तशी असते, डोळ्याखाली काळं. तिला काय सांगू?

पण रोज सकाळी प्रार्थनेत मी भिंगरीचं नाव जिवंतांत घेते. आता देवाच्या अंगणातच तिची पाटी लागणार. मग मी कुठल्या तोंडानं घेऊ?

शनिवार, २७ जुलै

आज बोलले.

नेहमीसारखे हे स्टेजवर गेले. "लेक गमावली तेव्हा मला प्रभू सापडला." हुंदके. मी शेजारी उभी, हसरा चेहरा ठेवून. आज सूत्रसंचालकानं माइक माझ्यापुढे धरला. "आईंनीही दोन शब्द बोलावेत."

म्हटलं, "माझी भिंगरी मेलेली नाही. ती जिवंत आहे."

आणि सगळं थिएटर उभं राहिलं. आमेन, हालेलुया, टाळ्या. पहिल्या रांगेतल्या म्हातारीनं दोन्ही हात वर केले, डोळ्यांतून धारा. मी म्हटलं, "अहो, तसं नव्हे. खरंच जिवंत आहे, चष्म्याच्या दुकानात—" पण तोवर साउंडवाल्यानं गाणं लावलं होतं.

घरी येताना हे म्हणाले, "छान बोललीस. रोज म्हणत जा."

मंगळवार, ३० जुलै

दिग्दर्शक आला होता. हे घरी नव्हते. लाजरा मुलगा, खुर्चीच्या टोकावर बसतो. "काकू, शनिवारी मी पडद्यामागे होतो. तुम्ही चष्म्याच्या दुकानाचं काहीतरी म्हणालात." झोप लागत नाही म्हणाला.

मी सगळं सांगितलं. मग राहवलं नाही. "पोरा, धडधाकट पोरीला मारताना तुमचा हात कसा धजला? नुसतं लोकांना रडवायला?"

त्याचा चेहरा उतरला. "काकू, आम्ही नाही घातलं ते. पहिल्या बैठकीत काकांनीच सांगितलं. आठ वर्षांची होती, तापानं गेली. सांगताना इतके रडले की आम्ही टेप बंद केला. मी म्हणत होतो, हे नको दाखवायला, तुम्हाला त्रास होईल. काकाच म्हणाले, दाखवा."

चहा तसाच ठेवून गेला. मी गार चहा ओतला, कप विसळला, पालथा घातला.

ह्यांना विचारलं नाही. खरं बोलले असते तर? ते ऐकायची माझी तयारी नाही.

गुरुवार, १ ऑगस्ट

पाय दुखतो म्हणून हे सभेला गेले नाहीत. तरी भिंगरीला फोन केला, ह्यांच्यासमोर. आवाज खाली केला नाही. बाकाचं सांगितलं, पाटीचं सांगितलं, कोणी मारलं तेही सांगितलं. "रविवारी ये," म्हटलं. हे पेपर वाचत होते. पान उलटलं नाही.

रविवार, ४ ऑगस्ट

भिंगरी आली. बाकावर लोकांनी फुलं ठेवली होती, ती बाजूला सारून बसली. पाटी वाचली. "बाक हलतोय गं जरा," म्हणाली. मग ह्यांना येताना पाहून सरकली, जागा केली. ऑर्गनवाल्या बाईंनी विचारलं, "ह्या कोण?" हे म्हणाले, "ह्या बाईंना मी ओळखत नाही."

तिनं केलेल्या जागेवर मी बसले. सगळ्यांना सांगितलं ही कोण ते. टाळ्या वाजल्या नाहीत.

हे पान भिंगरीच्या स्वयंपाकघरात लिहिते आहे. मघाशी तिनं विचारलं, "बाबांच्या जेवणाचं काय?" म्हटलं, सिनेमातली बायको आहे ना. ती वाढेल, हसून.