डावा दंड

२ सप्टेंबर

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून भांडता येत नाही, म्हणून पत्र. लसीच्या नव्या डोसला तुम्ही सरळ नाही म्हणालात, असं आईकडून कळलं. खुर्चीत बसून जगाचा कारभार चालवणाऱ्या कुणा गिऱ्हाइकानं तुमचे कान भरले का? मी दिवसभर लसीच्याच खोलीत उभी असते, पण घरच्या नर्सचं ऐकतो कोण!

विषाणू रूप पालटून पुन्हा पुन्हा येतो, म्हणून लसही पालटून पुन्हा घ्यावी लागते. एकदा कापलेले केस परत वाढतात, यावरच आपलं घर चाललं. तरी पुन्हा टोचून घ्यायचं म्हटलं की तुमच्या कपाळाला आठ्या! तुमचं काम लोकांच्या अगदी तोंडाशी. आईला संधिवाताच्या औषधांमुळे लस पुरती लागू होत नाही. तुमच्याकडून तिला आजार लागला तर झेपायचा नाही. मला भीती वाटते, स्पष्टच लिहिते.

रागावलात तरी लोभात काटछाट नको.

तुमची,
भिंगरी

९ सप्टेंबर

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर सुधारलंय, जीभ आहे तशीच आहे.

माझे कान कुणी भरलेले नाहीत आणि लसीवर माझा रागही नाही. सगळे डोस मुकाट्यानं घेतले, गेल्या वर्षीचा तर तुझ्याच हातून. आता पुरे वाटतं, इतकंच. तुझ्या आईला माझ्यापासून काही होणार नाही, अशी सोय मी केली आहे. कसली, ते विचारू नकोस.

दुकान जोरात आहे. खुर्चीला तेल दिलं, आता ती माझ्यापेक्षा कमी कुरकुरते. माया आहे ती सगळी तुलाच.

तुझे,
बाबा

१६ सप्टेंबर

चि. भिंगरीस, आईचे अ. उ. आ.

सोय म्हणे! महिना झाला, तुझे बाबा दुकानात झोपतात. जेवणाचा डबा मी खिडकीतून देते. ते बाहेर पायरीवर बसून जेवतात आणि मी आतून बोलते. घर खायला उठतं गं.

काल खोदून खोदून विचारलं, तेव्हा खरं बाहेर आलं. गेल्या वर्षी तुझ्याकडून लस घेऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी दुकान उघडलं. आधीच्या डोसांच्या वेळी दुकानं बंदच होती, त्यामुळे काही जाणवलं नव्हतं. या वेळी दंड ठणकत होता, हात जड झाला होता. चित्रकलेच्या मास्तरांची दाढी करताना त्यांच्या कानाची पाळी कापली. मास्तर हसले, पण यांनी जन्मात कुणाचं रक्त काढलं नव्हतं, ते मनाला फार लागलं. तुला कळू द्यायचं नव्हतं, कारण टोचणारी तूच.

मी म्हटलं, मग दुसऱ्या दंडात घ्या. तर म्हणाले, नियम डाव्याचाच आहे, भिंगरीनं स्वतः सांगितलंय. आता तूच काय ते बघ. तब्येतीला जप आणि आमची आठवण असू दे.

तुझी,
आई

२१ सप्टेंबर

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

नियमबियम काही नाही हो! बहुतेकांचा कामाचा हात उजवा असतो, म्हणून मी सगळ्यांना सरसकट डावा दंड पुढे करायला सांगते. तुम्हाला जेवताना, लिहिताना बघितलं ते उजव्या हातानं. दुकानात मी मागच्या बाकावर बसून तुम्हाला आरशात बघायची, आणि समोर दिसायचा तो वस्तराही मला उजव्या हातातलाच वाटायचा. आईचं पत्र वाचून आज आरशासमोर डाव्या हातात कंगवा धरून बघितला, तर समोरचीच्या तो उजव्या हातात! न्हाव्याची मुलगी असून बाप वस्तऱ्यापुरता डावखुरा आहे हे मला ठाऊक नाही! चूक माझी आहे, बाबा. मास्तरांचीही माफी मागते.

पत्र मिळताच जा आणि उजव्या दंडात घ्या. पंधरा दिवस थांबून घरी झोपायला जा. लस घेतली म्हणजे आजार येणारच नाही अशी हमी नाही, म्हणून दुकानात मास्क आणि खिडक्या उघड्या. एवढं केलंत की मी निर्धास्त.

लेकीवरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
भिंगरी

१२ ऑक्टोबर

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

उजवा दंड दिला. टोचणारी मुलगी डावा मागत होती, मी म्हटलं, वरून हुकूम आहे. दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो तर मास्तर दारात हजर. कटिंग नको, दाढीच करा म्हणाले. उजवा ठणकत होता, पण डावा लोण्यातून फिरावा तसा फिरला. मास्तर पैजेवर आल्यासारखे दोन्ही कान चाचपून गेले. तुझी माफी त्यांना पोचवली.

काल अंथरूण गुंडाळून घरी आलो. तुझ्या आईशेजारी बसलो, पण सवयीनं हातभर लांब. तिनं विचारलं, गिऱ्हाइकालाही इतक्या लांबूनच भादरता का? मी सरकलो. मग तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि खूप रडली. मीही रडलो. हे मला लिहायचं नव्हतं, पण ती मागे उभी राहून वाचते आहे आणि खोडू देत नाही.

दोघांची माया घे.

तुझे,
बाबा